कोंबडीच्या पचनमार्गाची हालचाल व तिचे मज्जातंतू

कोपरगाव तालुक्यात गोदावरीच्या कालव्याकाठी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या दिवसभर दाणे, किडे व कोवळे गवत टिपतात. सायंकाळी खुराड्यात परतताना त्यांच्या गळ्याखालची अन्नपिशवी टच्च भरलेली असते आणि रात्रीतून ती रिकामी होते. सकाळी खुराडे उघडण्यापूर्वीही ती हाताला भरलेलीच लागली, तर अन्न पुढे सरकणे थांबले आहे असे समजावे. अन्न सरकते कशाने, हे ग्रामसेवकांस ठाऊक असल्यास कारण शोधणे सोपे जाते.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असून त्यांच्या दरम्यान मज्जातंतूंचे जाळे असते. हे जाळे पुष्कळसे स्वतंत्रपणे चालते. पक्ष्यांत याखेरीज आतड्याच्या कडेने जाणारा रेमाकचा मज्जातंतू असतो. तो गायीम्हशींत आढळत नाही. तंतूंच्या टोकांतून रासायनिक द्रव्ये स्रवतात व स्नायू आकुंचन पावतात. यांपैकी काही द्रव्ये पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांतील ॲमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या होत. १९३१ साली लंडन येथे फॉन ऑयलर व गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्काने सशाचे आतडे आकुंचन पावते असे दिसले. ॲट्रोपीन दिल्यावरही ते थांबेना. म्हणजे हे ॲसिटिलकोलीन नव्हे, निराळे द्रव्य होते. त्यास ‘पदार्थ पी’ असे नाव पडले. १९७१ मध्ये त्याची ११ ॲमिनो आम्लांची रचना उलगडली. १९८८ मध्ये कोंबडीच्या लहान आतड्यातून तोच पदार्थ वेगळा करण्यात आला, तेव्हा फरक आढळला तो केवळ तिसऱ्या जागी, लायसीनऐवजी आर्जिनीन एवढाच.

कोंबडीत अन्न एकाच दिशेने जात नाही, हे विशेष होय. पेषणी, म्हणजे कलेजीबरोबर शिजवला जाणारा पेटा, मिनिटास साधारण दोन ते तीन वेळा आवळते; अधूनमधून आतड्यातील अन्न तिच्यात परतही येते व पुन्हा दळले जाते. शेवटच्या भागात तर उलट लाटा उठून मूत्र मागे अंधांत्रांत जाते व तेथे पाणी शोषले जाते. उन्हाळ्यात ही सोय मोलाची असते. अंधांत्रांतून पडणारी तपकिरी, चिकट विष्ठा पाहून हगवण लागली असे पुष्कळजण समजतात. ती रोगाची खूण नव्हे.

पिशवी तुंबण्याची कारणे दोन प्रकारची असतात. लांब, चिवट गवत किंवा न बारीक केलेले उसाचे पाचट गिळल्याने गोळा बनतो; येथे मज्जातंतू निर्दोष असतात. अंथरूण बारीक करावे, बारीक खडे व स्वच्छ पाणी सदैव ठेवावे. दुसऱ्या प्रकारात बिघाड मज्जातंतूंतच असतो. मॅरेक रोगात गळ्यातून जाणारा तंतू सुजतो व पिशवी लोंबू लागते. त्यासोबत पाय लुळे पडलेले दिसल्यास शंका घ्यावी. यावर औषध नाही. पिलांस पहिल्याच दिवशी लस टोचलेली असणे हाच उपाय होय. मेलेल्या जनावरावरील अळ्या खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेत ॲसिटिलकोलीनचे स्रवणे बंद पडून मान लुळी पडते व पिशवीही हलेनाशी होते. यास्तव मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावी.

तुंबलेल्या पक्ष्याच्या तोंडात बळजबरीने तेल ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. पक्ष्यास वेगळे ठेवून पाणी द्यावे, आणि दुसऱ्या सकाळीही पिशवी तशीच राहिल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.