आई, हा हिरवा ठिपका कसला गं?

आईबाबांनो, परवा पावसाने खारीगावचा क्लास बुडाला आणि माझी सातवीतली लेक माझाच फोन घेऊन बसली. मध्येच म्हणाली, “आई, हा हिरवा ठिपका कसला गं?”

स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका होता. वरची पट्टी खाली ओढून त्यावर बोट ठेवलं, तेव्हा कळलं, तिच्या चित्रं रंगवायच्या अ‍ॅपने माइक चालू केला होता. “रंगवायला आवाज कशाला लागतो?” मला उत्तर देता आलं नाही. परवानगी मीच दिली होती. कळव्याला सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घाईत तिने फोन पुढे केला आणि मी न वाचता हो म्हटलं.

कॅमेरा किंवा माइक वापरात असला की हा ठिपका दिसतो. अँड्रॉइडवर 2021 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून, आयफोनवर 2020 पासून. आयफोनवर कॅमेऱ्याला हिरवा, नुसत्या माइकला नारिंगी. मामाशी व्हिडिओ कॉल चालू असताना तो दिसणारच. त्याची मुलांना भीती घालू नका. काम काय चाललंय आणि ठिपका कोणाचा आहे, एवढं ताडून बघायला शिकवा.

मला खरी काळजी वाटते ती जिथे ठिपका लागतच नाही तिथली. संपर्कयादी वाचली जाते तेव्हा कोपऱ्यात काहीच उमटत नाही. माझ्या यादीत सासूबाई आहेत, शाळेच्या व्हॅनचे काका आहेत, शेजारच्या ताई आहेत. त्यांचे नंबर एखाद्या खेळाला देऊन टाकायचा मला काय अधिकार? कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी अशाच याद्यांवरून नातेवाइकांना फोन करून माणसांना छळलं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये कर्जाच्या अ‍ॅपना संपर्कयादीला हात लावायला मनाई केली. गुगलनेही 31 मे 2023 पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क आणि फोटो घ्यायला बंदी केली. पण एकदा गेलेली यादी परवानगी काढून घेतली म्हणून परत येत नाही. म्हणून पहिल्याच वेळी थांबायचं.

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी सेटिंग्जमधला गोपनीयतेचा डॅशबोर्ड उघडला. चोवीस तासांत कॅमेरा, माइक, लोकेशन कोणी कधी वापरलं, हे तिथे वेळेसकट दिसतं. ती वाचत गेली, मी बंद करत गेले. नकाशाला ‘अ‍ॅप वापरताना’ एवढंच पुरलं. एकदाच लागणाऱ्याला ‘फक्त या वेळी’. हे मुलांच्या मागे, ती झोपल्यावर करू नका. शेजारी बसवून करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. ही जबाबदारी आपल्यावर आहे, आणि ती निभावताना मूल सोबत असलेलं बरं.

आता लेक विचारणा आली की मोठ्याने वाचते. काल एका कोड्यांच्या खेळाने लोकेशन मागितलं. “कशाला?” म्हणाली आणि तिनेच नकार दाबला. खेळ तरीही सुरू झाला.