'समजलं का?' याचं उत्तर नेहमी 'हो'च का येतं?



एका तासात आपण 'समजलं का?' किती वेळा विचारतो, ते एकदा मोजून बघा. मी मोजलं. अकरा वेळा! दर वेळी उत्तर एकच, 'होऽऽ बाई!' आणि वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या मुलांनी अपूर्णांकांच्या बेरजेत छेदात छेद मिळवलेला. यात मुलांची काय चूक? 'नाही' म्हणणाऱ्याला सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागलं असतं. 'हो' म्हटलं की सुटका.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, १/२ + १/३ = २/५. विचारलं, "एकाने असं उत्तर काढलंय. त्याने काय विचार केला असेल?" आधी शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. मिळवल्यावर कमी कसं होईल?" छेद समान का करायचा, हे समजवायला मला मग फार बोलावं लागलं नाही.

ती शांतता मात्र सहन करावी लागते. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारीही बोलतात, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण वर्गासमोर गप्प उभं राहून बघा! मी मनात आकडे मोजते, तरी कधीकधी दोनावरच माझं तोंड उघडतं.

आता थोडं कारखान्यात जाऊ. टोयोटाचे ताईची ओनो पाच वेळा 'का' विचारायला सांगत. त्यांचंच उदाहरण घ्या. यंत्र का थांबलं? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. का नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. पहिल्याच 'का'वर थांबले असते तर नुसता फ्यूज बदलला असता आणि थोड्या दिवसांनी यंत्र पुन्हा बंद.

धंद्यात ही पद्धत उत्तमच. पण माझं मत विचाराल तर ती यंत्राला लावा, माणसाला जपून. आपल्या मराठीतला 'का' माणसासमोर उच्चारला की लगेच जाब होतो. 'मार्क का कमी पडले?' म्हटलं की मूल कारण शोधत नाही, बचाव शोधतं. त्यापेक्षा 'कुठल्या पायरीला अडलास, दाखव बरं' म्हणा आणि वही त्याच्याच हातात ठेवा.

हे मलाही उशिरा कळलं. माझ्या वर्गातला एक मुलगा दर मंगळवारी गैरहजर. "काल का आला नाहीस?" तर मान खाली, "पोट दुखत होतं." तीन आठवडे पोटच दुखलं. चौथ्या वेळी त्याला शेजारी बसवून म्हटलं, "मंगळवारी उठल्यापासून तू काय काय करतोस, सांग ना." मग हळूहळू कळलं. मंगळवार म्हणजे आठवडी बाजार. आई पहाटेच भाजी घेऊन जाते, आणि तीन वर्षांची बहीण याच्या अंगावर. आमची अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे. मी ताईंशी बोलले, संध्याकाळी त्याच्या आईलाही भेटून आले.

पुढच्या मंगळवारी परिपाठाला तो आला, बहिणीला कडेवर घेऊन.