पेट्रोलची पारख

जळकोट हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख बालाघाटाच्या डोंगररांगांचा. म्हणून रस्तेही चढउतारांचे. बाजाराला निघालेला शेतकरी, शाळेला जाणारे गुरुजी, रुग्णाकडे निघालेले डॉक्टर या सर्वांना मोटारसायकलीचा किंवा मोटारीचा आधार असतो. सपाट रस्त्यावर गाडी निमूटपणे धावते. पण चढण लागली की तिच्या टाकीतील पेट्रोलची परीक्षा होते. पेट्रोल चांगले असेल तर ती चढण सहज चढते. ते वाईट असेल तर ती आचके देते, काळा धूर सोडते आणि इंजिनातून टकटक असे ठोके ऐकू येतात. मग चालक म्हणतो, “त्या पंपावरचे पेट्रोल वाईट!” हे म्हणणे कितपत खरे असते?

त्यासाठी इंजिनाचे कार्य समजून घेतले पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेत मिसळून नळकांड्यात शिरते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. दट्ट्या हे मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने मागे लोटला जातो. त्याच जोराने चाके फिरतात. ज्वाला क्रमाक्रमाने पसरावी, हे इष्ट. पण ती पोहोचण्यापूर्वीच काही मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकले, तर दट्ट्यावर आघात होतो. तोच तो ठोका. असा अवेळी भडका न होऊ देण्याची इंधनाची शक्ती ‘ऑक्टेन अंका’ने मोजतात.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की हा अंक खाली येतो. शिवाय रॉकेलची वाफ सहज होत नाही. ते अर्धवट जळते, प्लगवर काजळी धरते. न जळलेला अंश इंजिनाच्या वंगणात उतरून ते पातळ करतो. अशा रीतीने भेसळ प्रथम गाडीचा वेग आणि पुढे तिचे आयुष्यही हरण करते.

मग निरनिराळ्या कंपन्यांचे पेट्रोल मुळातच निराळे असते काय? फारसे नाही. सर्वांना सरकारने ठरवलेली एकच मानके पाळावी लागतात, आणि सरकारी तेल कंपन्या पुष्कळदा एकमेकींच्या साठ्यांतून माल घेतात. कंपनी आपली काही द्रव्ये त्यात मिसळते, तेवढाच भेद. खरा फरक पडतो तो पुढे: टँकरच्या प्रवासात आणि पंपाच्या भूमिगत टाकीत. पावसाळ्यात टाकीत पाणी झिरपले, तर ते जड असल्यामुळे तळाशी बसते. आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून तसेच धान्यापासूनही तयार होते आणि पाण्याशी चटकन एकरूप होते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात व तळाशी जमतात. असे इंधन गाडीत गेले तर ती बंद पडते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. इथेनॉल ही भेसळ नव्हे. ते नियमानुसारच मिसळले जाते. त्याचा ऑक्टेन अंक चांगला असतो. मात्र एका लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. म्हणून गाडीचे अॅव्हरेज काहीसे घटले, तर तेवढ्यावरून पंपचालकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. चाकांतील हवा कमी असली किंवा हवेची जाळी धुळीने भरली, तरीही अॅव्हरेज घटते. खरी तुलना करावयाची तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपून ठेवावेत आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्यासह अनेक वेळा पडताळा घ्यावा.

संशय आला तर ग्राहकाला पंपावरच परीक्षा मागता येते. गाळणकागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकतात. शुद्ध पेट्रोल उडून जाते आणि डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका बळावते. पेट्रोलची घनता मोजून ती पंपावरील नोंदीशी ताडून पाहता येते. माप कमी वाटल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने ते पडताळता येते.

भेसळीच्या मुळाशी लोभ असतो. गरिबांच्या चुलीसाठी शासन रॉकेल अल्प दराने देत असे. ते चोरून पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळले की भेसळखोरांना मोठा नफा होई. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाचे मोठे साठे आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या बाजूने जात होते. एका ढाब्याजवळ संशयास्पद रीतीने उभे असलेले टँकर त्यांना दिसले. ते थांबले आणि तेथील प्रकाराचे चित्रण करू लागले. तेव्हा तेथील गुंडांनी त्यांना जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. सारा महाराष्ट्र हळहळला. राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून आपला संताप व्यक्त केला.

सोनवणे यांना पुढे निघून जाता आले असते. पण समोर दिसणारा अपराध पाहून न पाहिल्यासारखे करणे त्यांच्या कर्तव्यबुद्धीला मानवले नाही. ते ज्यासाठी थांबले, त्याची राखण करणे प्रत्येक ग्राहकाच्या हाती आहे. त्यासाठी प्राण पणाला लावावे लागत नाहीत. पंपावर क्षणभर थांबून एक गाळणकागद मागितला, तरी पुरे होते.

स्वाध्याय
१. वाईट पेट्रोलची लक्षणे चढणीवर अधिक का जाणवतात?
२. रॉकेलच्या भेसळीमुळे इंजिनावर कोणते परिणाम होतात?
३. इथेनॉलला भेसळ का म्हणता येत नाही?
४. ‘पाहून न पाहिल्यासारखे करणे’ या शब्दसमूहाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
५. यशवंत सोनवणे यांच्या कर्तव्यनिष्ठेविषयी आठ-दहा ओळी लिहा.