विषावरील उतारा

ठाणे जिल्ह्यात, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर भाईंदर वसलेले आहे. लोहमार्गामुळे त्याचे दोन भाग झाले असून पूर्वेकडील भागात नवघर, खारी, गोडदेव ही जुनी गावे आहेत. एके काळी या गावांभोवती मिठागरे व भातखाचरे पसरलेली होती. आज तेथे पुष्कळ ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत. तथापि खाडी आणि तिच्या काठची खारफुटी अद्याप शिल्लक आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले म्हणजे उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे धावतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात. माणसाची वस्ती कोठवर वाढली आहे, हे सापाला ठाऊक नसते.

घराजवळ दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, नानेटी यांच्या चाव्याने माणूस मरत नाही. महाराष्ट्रात माणसाचे प्राण घेणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाचे व मण्यारीचे विष मज्जातंतूंवर आघात करते. पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासोच्छ्वास चालविणारे स्नायू थकून बंद पडतात. घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते. चावलेला भाग सुजतो, रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते आणि हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ लागते. यांत मण्यार विशेष फसवी होय. ती रात्री हिंडते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; पण तिचे दात इतके बारीक असतात की, पुष्कळदा खूणही दिसत नाही व वेदनाही होत नाही. रात्री जमिनीवर झोपलेले मूल पोटात दुखते म्हणून उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर अजीर्ण झाले असे समजून घरगुती औषध देत बसू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. जमिनीवर झोपावयाचे असल्यास मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्याने मण्यारीपासून पुष्कळ रक्षण होते.

साप चावला की, अनेक ठिकाणी अजून मांत्रिकाला बोलावतात. तो मंत्र म्हणतो, कडुनिंबाचा पाला चावावयास देतो आणि काही रोगी खरोखरच बरे होतात. याचे कारण साधे आहे. चावणारा साप बहुधा बिनविषारी असतो. शिवाय विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा रोग्याला मंत्रावाचूनही काही झाले नसते. ज्याच्या अंगात खरे विष भिनले आहे, त्याचा मात्र मोलाचा वेळ तेथे वाया जातो.

दंशाच्या वर दोरी आवळून बांधावी, जखमेवर चीर द्यावी, विष तोंडाने ओढून काढावे, असे उपाय पूर्वी पुस्तकांतूनही सांगितले जात. आज ते सर्व त्याज्य ठरले आहेत. घट्ट दोरीने रक्तप्रवाह थांबून हात किंवा पाय निकामी होण्याचा धोका असतो, आणि दोरी सोडताच अडलेले विष एकदम शरीरात पसरू शकते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे झाले असता दिलेली चीर वाहतच राहते. चोखून विष निघत नाही. सापाला मारण्याच्या वा पकडण्याच्या नादी तर मुळीच लागू नये. त्यात वेळ जातो आणि तो साप आणखी एखाद्याला चावण्याचा संभव असतो.

मग करावे तरी काय? रोग्याला धीर द्यावा व निजवून ठेवावे. त्याला चालू किंवा धावू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष शरीरात लवकर पसरते. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ हे सर्व सूज येण्यापूर्वीच काढावे. हाड मोडले असता ज्याप्रमाणे फळी लावून सैल पट्टी बांधतात, त्याप्रमाणे चावलेला हात किंवा पाय स्थिर करावा. वांती होत असेल वा शुद्ध हरपत असेल, तर रोग्याला डाव्या कुशीवर वळवावे. खावयास काही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जे वाहन मिळेल त्यातून त्याला रुग्णालयात पोहोचवावे.

तेथे डॉक्टर एक सोपी परीक्षा करतात. रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन ती नळी २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असल्याचे दिसून येते. विषाची लक्षणे असतील तर प्रतिविष शिरेतून देतात. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी फार दिवसांपासून जोडलेले आहे. घोड्याला सापाचे विष अत्यल्प प्रमाणात पुनःपुन्हा टोचले म्हणजे त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून प्रतिविष बनवितात. आपल्या देशातील प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून चावलेला साप डॉक्टरांना दाखविण्याची गरज नसते.

भाईंदर ज्या कोकणपट्टीत आहे, तिच्यातच लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत असत. आणि त्यावरील प्रतिविष तेथे मिळत नव्हते. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. विंचू डसलेली मुले तेथे आणली जात. घामाने ती चिंब होत, वांत्या करीत, हातपाय थंडगार पडत, आणि काही वेळाने फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडे. केंद्रात मोठी यंत्रसामग्री नव्हती. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांची बारकाईने नोंद ठेवीत. त्यांची ही निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

विंचवाच्या विषाने शरीरात काही द्रव्ये अतोनात स्रवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार पडतो. तेव्हा रक्तवाहिन्या सैल करणारे औषध येथे उपयोगी पडेल, असे बावस्करांना वाटले. प्रेझोसिन ही गोळी रक्तदाबाच्या विकारावर दिली जात असे. तिचा उपयोग त्यांनी विंचूदंशावर केला. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी मिळून हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पूर्वी अत्यवस्थ झालेल्या १०० रोग्यांपैकी सुमारे ४० दगावत. ते प्रमाण सुमारे १ वर आले. पुढे विंचवावरील प्रतिविष मिळू लागले. प्रेझोसिनच्या जोडीला ते दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हेही त्यांच्या २०११ मधील अभ्यासात दिसून आले. २०२२ साली भारत सरकारने बावस्करांना पद्मश्री दिली.

ही गोळी स्वस्त असून तोंडाने घ्यावयाची असल्यामुळे खेड्यातील आरोग्य केंद्रातही देता येते. मात्र ती डॉक्टरांनीच द्यावयाची असते. तिने रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असतो. म्हणून मुलाला बरे वाटून ते उठू पाहू लागले, तरी डॉक्टर त्याला काही तास अंथरुणावरच पडून राहावयास लावतात.