पहिलं घर मनासारखं नको

अगं, स्टुटगार्टची नोकरी पक्की झाली, व्हिसा हातात आला, आणि मला फोटो कसले पाठवतेस, तर बाल्कनीतून दिसणाऱ्या द्राक्षमळ्यांचे! बाल्कनी मिळेल गं, पण दुसऱ्या घरात. पहिल्या घराकडून एवढंच माग, की तिथे तुझं नाव नोंदवता आलं पाहिजे.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक साधा फॉर्म लागतो, पण तो नसला की सगळं अडतं. कराचा नंबर त्याच पत्त्यावर पोस्टाने येतो. निवासाचा परवाना, बँकेचं खातं, जाशील तिथे नोंदणीचा कागद मागतात. म्हणून कुणी ‘भाडं कमी घेतो, पण नोंदणी करता येणार नाही’ म्हणालं, की खोली कितीही गोजिरी असो, रामराम ठोक. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणार असलीस, तर मूळ मालकाची परवानगी आहे ना, तेही विचार.

आणि पाटी! तिकडे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतोच. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो. तुझं आडनाव तिथे नसेल तर तुझं पत्र आलं तसं परत जातं. किल्ली मिळाली त्याच दिवशी आडनावाची चिठ्ठी पेटीवर आणि बेलवर चिकटव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये. छापील पाटी मागाहून येऊ दे.

आता पैशाचं. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटं म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटं म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. शिवाय वर्षाअखेरीचा हिशेब होतो, हीटर जास्त चालवला असशील तर फरक भरावा लागतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंएवढं, म्हणजे ८०० युरो असेल तर २,४०० युरो. तेही तीन समान हप्त्यांत द्यायचा तुला कायद्याने हक्क आहे, हे कुणी आपणहून सांगणार नाही. पुण्यात ब्रोकरच्या हातावर महिन्याचं भाडं ठेवायची आपल्याला सवय. तिकडे २०१५पासून ब्रोकरला ज्याने कामाला लावलं त्यानेच पैसे द्यायचे. मालकाने नेमलेला माणूस तुझ्याकडे कमिशन मागत असेल, तर पाणी मुरतंय असं समज.

‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठव, चावी पोस्टाने येईल’ हा प्रकार तर इतका जुना झालाय, तरी दरवर्षी आपली मुलं त्यात सापडतातच. घाईत असतात ना. इथे बसून घर पक्कं करायच्या फंदात पडूच नकोस. पहिले दोन-तीन महिने फर्निचरसकटची खोली किंवा शेअरिंगचं घर घे, नोंदणीची खात्री करून, आणि मग तिथून पायी फिरून मोठं घर शोध. घर बघायच्या आधीच पासपोर्टची कॉपी मागणाऱ्याला ती देऊ नकोस.

मोठं घर शोधताना शूफा नावाचा पतदाखला मागतील. नवीन माणसाकडे तो कुठून असणार? त्याऐवजी नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र, सगळं एकाच पीडीएफमध्ये तयार ठेव. स्टुटगार्टला घर बघायला रांगा लागतात. ज्याची फाइल आधी पोचते त्याचा विचार आधी होतो.

आणि हो, स्वयंपाकघर बघताना डोळे उघडे ठेव. कित्येक घरांत ते नसतंच! म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली आणि छताला बल्बऐवजी वायरी लोंबताहेत. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचलून नेतो, नाहीतर तुलाच विकतो. विकत असेल तर घासाघीस कर, आपल्याला ते जमतं.

करारात दोन गोष्टी शोध. घर सोडायची नोटीस साधारण तीन महिन्यांची असते आणि ती सही केलेल्या कागदावरच द्यावी लागते, मेल चालत नाही. काही करारांत अमुक काळ घर सोडताच येणार नाही, अशी अट असते. आपल्या अकरा महिन्यांच्या करारासारखं गृहीत धरशील तर अडकशील. आत जाताना भिंतीवरचा ओरखडा न् ओरखडा ताब्याच्या कागदात लिहून घे, फोटो काढ, मालकाची सही घे.

जिन्यातल्या झाडलोटीची पाळी तुझ्यावर आली, की दारावर तशी पाटी टांगतात. त्या आठवड्यात जिना खरोखरच झाड, शेजारी बघत असतात. कुकर लावलास की मोकळ्या खिडक्या, थंडीतसुद्धा, पाच-दहा मिनिटं. वाफेने भिंतीला बुरशी धरली तर खर्च तुझ्या डिपॉझिटमधून मागतील.

त्या द्राक्षमळ्याच्या जाहिरातीचा मजकूर मला पाठव. पैसे पाठवायच्या आधी, समजलं?