हजेरीपटावरील नोंद

अमळनेर

चिरंजीव बाळास,

सर्जापूर रोडवरील तुझ्या कचेरीत सफाई कामगारांच्या व पहारेकऱ्यांच्या हजेरीचे, तसेच कंत्राटदारांच्या बिलांचे काम तुझ्याकडे सोपविण्यात आले आणि ते तुला आपल्या शिक्षणास कमीपणा आणणारे वाटते, असे तुझ्या पत्रावरून दिसले; म्हणून हे सविस्तर लिहितो.

तुझे पणजोबा येथील प्रताप मिलच्या साचेखात्यात पोरवयातच लागले, तेव्हा 1922 च्या कारखाना कायद्याने प्रौढ मजुराचा दिवस अकरा तासांचा ठरविला होता. 1934 च्या कायद्याने तो दहा तासांवर व स्वातंत्र्याच्या सुमारास नऊ तासांवर आला, आणि आठवड्याचे जे 48 तास तुला जन्मसिद्ध वाटतात, ते पदरी पडेपर्यंत त्यांची निम्मी नोकरी सरली होती. ते निरक्षर होते. ज्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी 1924 पासून सहा वर्षे अध्यापन केले, तेथेच त्यांनी पुढे माझ्या वडिलांना घातले, आणि दर पगाराच्या सायंकाळी खाडे, दंड, जादा काम हे सारे ते मुलाकडून मोठ्याने वाचून घेत. 1952 साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा होऊन कापडगिरण्यांस तो आरंभीच लागू झाला, तेव्हा रुपयामागे एक आणा कापला जातो म्हणून घरात कुरकुर झाली. परंतु मालकासही तितकाच भरणा करावा लागतो, हे वडिलांनी समजावून दिले, आणि पणजोबांच्या निवृत्तीनंतर त्याच रकमेतून घर स्वतःचे झाले. शतक सरता सरता पणजोबा वारले, ते स्वतःच्या छपराखाली.

आपल्या गावी 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून ज्या विप्रोचा उगम झाला, तिचे मुख्य कार्यालय आज तुझ्याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्लीस आहे. तिच्या जुन्या शेअरांवर श्रीमंत झालेल्या घरांच्या कथा अमळनेरात पोरासोरांस ठाऊक आहेत. जन्मभर साच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची कथा मात्र कोणी सांगत नाही, आणि मला तीच अधिक थोर वाटते.

गरीब माणसाचे म्हातारपण दप्तरातील एका नोंदीवर अवलंबून असते, आणि ती नोंद आता तुझ्या हाती आहे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास त्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले; सबब ‘तो कंत्राटदाराचा प्रश्न’ असे उत्तर तुझ्या मुखातून निघू नये. बिलावर सही करण्यापूर्वी निधीच्या भरण्याचे चलन माग, हजेरीशी नावागणिक ताडून पाहा, आणि रायचूर-यादगीरकडून आलेल्या झाडूवाल्या बाईस तिच्या खात्यातील जमा कन्नडमधून वाचून दाखव. कन्नड येत नसेल तर शीक. या महिन्याच्या बिलापासूनच आरंभ कर, आणि तसे मला कळव.

तुझा,
काका