समेटाआधी सत्य : कॅनडातील आदिवासी लेखकांचे वाचन



मत्तयलिखित शुभवर्तमानात (५:२३-२४) प्रभू येशूने वेदीपुढे अर्पण घेऊन आलेल्या माणसाचे उदाहरण दिले आहे. तिथे उभे असताना त्याला आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभू त्याला सांगतो. हा उतारा आपण पुष्कळदा ऐकतो, पण त्यातली एक गोष्ट सहज सुटून जाते. तक्रार अर्पण आणणाऱ्याची नाही, त्याच्या भावाची आहे. म्हणून भावाच्या दारी गेल्यावर पहिले काम ऐकण्याचे आहे. काय झाले हे भाऊच सांगणार.

आजच्या अभ्यासात आपण असे ऐकण्याचा प्रयत्न करणार आहोत. विषय कॅनडातील आदिवासींचा आहे. वसई, मुंबई, गोवा येथील अनेक कॅथलिक कुटुंबे आज त्या देशात स्थायिक आहेत. तिथल्या चर्चमध्ये ‘समेट’ हा शब्द गेली काही वर्षे सतत का उच्चारला जातो, हे त्यांना आणि आपल्यालाही नीट समजले पाहिजे.

१. काय घडले?

कॅनडा सरकारने १८७६ साली ‘इंडियन अ‍ॅक्ट’ हा कायदा करून आदिवासींचे जवळजवळ सारे जीवन सरकारी नियंत्रणाखाली आणले. १८८३ पासून सरकारने निवासी शाळांची पद्धत सुरू केली. खर्च सरकारचा आणि कारभार चर्चचा, अशी व्यवस्था होती. निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांकडे होत्या, बाकीच्या अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आदी मंडळींकडे. मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवायचे, त्यांची भाषा, चालीरीती आणि श्रद्धा पुसून टाकायच्या, हा उद्देश उघडपणे मांडला जात होता. १९२० मध्ये कायद्यात बदल करून हजेरी सक्तीची करण्यात आली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाल्या. तोवर फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट समाजांची सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली होती.

डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ सालीच अहवाल देऊन सांगितले होते की, कोंदट खोल्यांमुळे मुले क्षयाने मरत आहेत. त्यांच्या शिफारशी बाजूला ठेवण्यात आल्या. या शाळांत मृत्यू पावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद आजवर झाली आहे. मे २०२१ मध्ये कॅमलूप्स येथील जुन्या कॅथलिक निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारला सुमारे दोनशे संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्या. तिथे उत्खनन झालेले नाही, त्यामुळे त्या आकड्याविषयी सावधपणेच बोलले पाहिजे. मात्र मुले मेली आणि अनेकांच्या आईवडिलांना त्यांची कबरही दाखवली गेली नाही, हे त्या खुणांवर अवलंबून नाही. ते आधीच सिद्ध झाले होते.

२. लेखकांकडून काय कळते?

अहवालातून आकडे कळतात. त्या आकड्यांमागचे मूल कळण्यासाठी त्या मुलानेच मोठेपणी लिहिलेले पुस्तक उघडावे लागते. मराठी वाचकाला हे नवीन नाही. दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके आली, तेव्हा गावगाड्याविषयी आपल्याला ठाऊक असलेले बरेच काही अपुरे होते, हे लक्षात आले. कॅनडातही तसेच घडले. या अभ्यासासाठी आम्ही चार पुस्तके निवडली आहेत. चारही मुळात इंग्रजीत आहेत.

बेसिल जॉन्स्टन हे ओजिब्वे समाजाचे लेखक. दहा वर्षांचे असताना त्यांना ऑन्टारिओतील स्पॅनिश या गावच्या येशूसंघीय शाळेत नेण्यात आले. त्यांचे ‘इंडियन स्कूल डेज’ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भूक, कडक शिस्त आणि घरची ओढ आहे, तसा मुलांचा खट्याळपणा व विनोदही आहे. काही धर्मगुरूंविषयी आपुलकीसुद्धा आहे. मात्र शाळेत आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले नाही. ते त्यांनी फार पुढे, २००७ मध्ये, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितले. हसत सांगितलेल्या गोष्टीतही न सांगितलेले दुःख असू शकते, हे यातून शिकावे.

बेव्ह सेलर्स या ब्रिटिश कोलंबियातील एका फर्स्ट नेशनच्या प्रमुख होत्या. ‘दे कॉल्ड मी नंबर वन’ (२०१३) या आत्मकथनाच्या नावातच सारे आले. सेंट जोसेफ्स मिशन या कॅथलिक शाळेत मुलांना क्रमांक दिले जात. त्यांची आजी, आई आणि त्या स्वतः अशा तीन पिढ्या तिथे गेल्या. ज्या आईला लहानपणी मायेचा हात मिळाला नाही, तिला आपल्या लेकरांना जवळ घेणेही अवघड जाते. शाळा बंद झाली तरी जखम घरात राहते, ती अशी.

रिचर्ड वॅगमीस यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही कादंबरी आहे. लेखक स्वतः निवासी शाळेत गेले नव्हते, त्यांच्या घरची मोठी माणसे गेली होती. त्यातून मोडलेल्या घरामुळे त्यांचे बालपण परक्या कुटुंबांत गेले. कादंबरीतील सॉल या मुलाला एक तरुण फादर हॉकी शिकवतो, त्याच्यावर माया करतो. तोच आपले शोषण करीत होता, हे सॉलला मोठेपणी, व्यसनाच्या गर्तेतून बाहेर येताना आठवते. एखाद्याने वीस-तीस वर्षांनी तोंड उघडले की ‘इतकी वर्षे गप्प का बसलात?’ असा प्रश्न आपण चटकन विचारतो. ही कादंबरी वाचल्यावर तो प्रश्न विचारायला जीभ धजत नाही.

चौथे पुस्तक मुलांसाठी आहे. ‘फॅटी लेग्ज’ (२०१०) मध्ये मार्गारेट पोकियाक-फेंटन यांची आठ वर्षांची असतानाची हकिगत त्यांच्या सुनेच्या मदतीने लिहिली आहे. ओलेमौन हे त्यांचे खरे नाव. वाचायला शिकायचे म्हणून ही मुलगी स्वतः हट्टाने शाळेत गेली. तिथे तिचे केस कापले, नाव बदलले. तिला छळणारी एक सिस्टर पुस्तकात आहे, आणि तिच्याशी प्रेमाने वागणारी दुसरी सिस्टरही आहे. सर्वांना एकाच मापाने मोजणे या लेखिकेने टाळले आहे.

३. चर्चने काय केले, काय राहिले?

पश्चात्ताप, पापनिवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई हा प्रायश्चित्ताचा क्रम आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. तोच इथे लावून पाहू.

सत्य आणि समेट आयोगाने २००८ ते २०१५ या काळात सहा हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. त्याचे अध्यक्ष मरी सिंक्लेअर हे स्वतः आदिवासी न्यायाधीश होते. आयोगाने ९४ आवाहने केली. पोपमहोदयांनी कॅनडात येऊन क्षमा मागावी, हे त्यांपैकी एक होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये आदिवासी प्रतिनिधींपुढे दुःख व्यक्त केले होते. पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०२२ मध्ये रोम येथे आणि जुलै २०२२ मध्ये मास्क्वासिस येथे, जुन्या शाळेच्या भूमीवर, क्षमा मागितली. अनेकांना त्याने दिलासा मिळाला. काहींना ते अपुरे वाटले. त्यांचे म्हणणे असे की, दोष काही ख्रिस्ती व्यक्तींचा सांगितला गेला, संस्था म्हणून चर्चचा नाही. सिंक्लेअर यांनीही हेच बोलून दाखवले. ही तक्रार भावाची आहे, म्हणून ती ऐकली पाहिजे.

भरपाईच्या बाबतीत कबुली द्यावी लागते. २००६ च्या तडजोडीत कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर जमवण्यासाठी प्रयत्न करण्याचे मान्य केले होते. प्रत्यक्षात चाळीस लाखही जमले नाहीत. २०२१ मध्ये तेथील बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नव्याने जाहीर केले. पश्चात्ताप खरा असेल तर त्याची झळ खिशालाही लागते.

४. आपला संबंध काय?

पंधराव्या शतकातील पोपच्या काही आज्ञापत्रांनी पोर्तुगाल व स्पेनच्या राजांना नव्याने ‘शोधलेल्या’ भूमीवर हक्क दिले. त्यांतील १४५५ चे एक आज्ञापत्र पोर्तुगीजांसाठी होते. गोवा आणि वसईच्या चर्चचा पोर्तुगीज काळातील इतिहास त्याच परंपरेशी जोडलेला आहे. अशा हक्कांच्या आधारे उभा राहिलेला ‘शोधाचा सिद्धान्त’ आपण मानत नाही, असे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. विश्वास आपल्याला मिळाला, तो कृपेने. पण तो ज्या जहाजांतून आला त्यांतून आणखी काय आले, हे पाहायला आपण घाबरू नये.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. पालघर व ठाणे जिल्ह्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजाची मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. कॅनडाशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. इथे मुले कायद्याच्या बळावर आईवडिलांकडून हिरावली जात नाहीत, आणि अनेक सिस्टर्स, फादर व शिक्षकांनी या मुलांसाठी आयुष्य वेचले आहे. तरीही त्या मुलांच्या घरच्या बोलीला आपण मान देतो का, हा प्रश्न उरतोच. त्यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्यांनी लिहिलेले किती वाचतो?

अशी पुस्तके वाचताना कॅथलिक वाचकाचे मन दुखते. ‘पण चांगले कामही झाले’ असे म्हणावेसे वाटते. ते खोटे नाही, पण भाऊ बोलत असताना मध्येच बोलण्याची ती वेळ नाही. चर्चवर प्रेम करणाऱ्याने चर्चचे पाप झाकण्याची गरज नाही. पाप कबूल केल्याने विश्वास ढळत नाही, हे प्रत्येक पापनिवेदनात आपण अनुभवतो.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात, गावात किंवा धर्मग्रामात कोणाचे म्हणणे आपण आजवर ऐकून घेतलेले नाही?

२. क्षमा मागितल्यावर भरपाई करायची राहून गेली, असे आपल्या बाबतीत कुठे झाले आहे?

३. येत्या वर्षात आदिवासी किंवा दलित लेखकाचे एखादे पुस्तक समूहाने मिळून वाचता येईल का? कोणते?